धाकट्या भावाचा उतावळेपणा: वर्तनवादी दृष्टीने एक उत्तर

आपण लिहिले आहे की आपला सव्वीस वर्षांचा धाकटा भाऊ लहानपणापासून उतावळा आहे. गेल्या वर्षात त्याने डोक्यात राख घालून दोन नोकऱ्या सोडल्या, पगार महिन्याच्या मध्यालाच मोबाईलवरच्या खरेदीत संपतो, आणि नुकत्याच इंटरनेटवर सोडवलेल्या व्यक्तिमत्त्व चाचणीत ‘आवेगशीलता अतिउच्च’, म्हणजे विचार न करता झटक्यात कृती करण्याची प्रवृत्ती फार, असा निकाल आला. घरातली वडीलधारी मंडळी ‘स्वभावाला औषध नाही’ म्हणून मोकळी झाली आहेत. तेव्हा हे खरे मानून त्याला आहे तसा सांभाळून घ्यावे की काही उपाय संभवतो, असा मोठी बहीण या नात्याने आपला प्रश्न आहे.

मी चिकित्सा मानसशास्त्रज्ञ म्हणून काम करते आणि माझा भर वर्तनोपचारावर, म्हणजे वर्तनाच्या आधी व नंतर काय घडते ते पाहून वर्तन बदलण्यावर आहे. या दृष्टीलाच वर्तनवादी म्हणतात. आपल्या भावाला मी पाहिलेले नाही, त्यामुळे पुढे जे लिहीत आहे ते निदान नव्हे. या प्रकारच्या प्रश्नाकडे आम्ही कसे पाहतो आणि कामाला कुठून सुरुवात करतो, एवढेच ते आहे. माझ्या मते आपल्या प्रश्नात दोन वेगळे प्रश्न एकत्र झाले आहेत. ‘तो कसा आहे?’ हा पहिला, आणि ‘तो असे नेमके केव्हा करतो, आणि केल्यावर काय होते?’ हा दुसरा. चाचणी पहिल्याचे उत्तर देते. उपायाची वाट मात्र दुसऱ्यातून जाते, आणि तो प्रश्न घरात अजून कोणी विचारलेला दिसत नाही.

चाचणीबद्दल थोडक्यात. आवेगशीलता मोजण्यासाठी जगभर वापरली जाणारी मानसशास्त्रज्ञ बॅरट यांची प्रश्नावली ३० विधानांची आहे. मिळकतीपेक्षा जास्त खर्च होतो का, नोकऱ्या बदलल्या जातात का, अशा आशयाची विधाने तिच्यात आहेत. आपल्या भावाने सोडवलेली चाचणी बहुधा याच धर्तीची असावी. आता क्रम पाहा. तो नोकऱ्या सोडतो व जास्त खर्च करतो, म्हणून त्याला आवेगशील ठरवले. आणि तो असे का करतो, असे विचारले तर उत्तर मिळते की तो आवेगशील आहे म्हणून. अशा वर्तुळाकार स्पष्टीकरणांवर वर्तनवादाचे एक प्रमुख प्रवर्तक बी. एफ. स्किनर यांनी आयुष्यभर टीका केली. वर्तनाला दिलेले नाव हेच वर्तनाचे कारण मानले की पुढचा शोध थांबतो. चाचणी निरुपयोगी आहे, असे मला म्हणायचे नाही. हजार माणसांमध्ये कोणाला कर्जबाजारी होण्याचा धोका अधिक, याचा अंदाज बांधायला तिची मदत होते. एका माणसाचे काय करावे, हे मात्र ती सांगत नाही.

यावर नेहमी विचारले जाते की वर्तनवादी लोक स्वभाव मानतच नाहीत का. मानतात, पण वेगळ्या अर्थाने. माणूस काही जैविक वैशिष्ट्ये घेऊन जन्माला येतो, त्यांवर वर्षानुवर्षांच्या अनुभवांची पुटे चढतात, आणि त्यातून कोणत्या परिस्थितीत काय करायचे याचा जो साठा तयार होतो, त्याला आपण व्यवहारात स्वभाव म्हणतो. हा साठा बराच टिकाऊ असतो, यात वाद नाही. वाद आहे तो सर्व ठिकाणी सारखा दिसण्याबद्दल. मानसशास्त्रज्ञ वॉल्टर मिशेल यांनी १९६८ च्या पुस्तकात उपलब्ध संशोधन तपासून दाखवले की एका परिस्थितीतील वर्तन आणि दुसऱ्या परिस्थितीतील वर्तन यांचा सहसंबंध (शून्य म्हणजे काहीच संबंध नाही, एक म्हणजे पूर्ण संबंध) साधारण ०.३० च्या पुढे क्वचितच जातो. मिशेल स्वतः काटेकोर अर्थाने वर्तनवादी नव्हते, पण त्यांच्या या पुस्तकाने व्यक्तिमत्त्वाच्या अभ्यासाला जो धक्का दिला, तो पुढची कित्येक वर्षे जाणवत राहिला. नंतर युइची शोडा व जॅक राइट यांच्यासह त्यांनी उन्हाळी शिबिरातील मुलांचा अभ्यास १९९४ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात असे दिसले की ‘हा मुलगा आक्रमक आहे’ या सरसकट विधानापेक्षा ‘मोठ्या माणसाने ताकीद दिली की हा उसळतो, बरोबरीच्या मुलाने चिडवले तर मात्र शांत राहतो’ असा आराखडा त्या मुलाची अधिक खरी ओळख असतो, आणि हा आराखडा बऱ्यापैकी स्थिर असतो. म्हणून घरच्यांना माझा पहिला प्रश्न असतो की तो कोणावर चिडत नाही. आपला भाऊ आजीवर, मित्रांवर किंवा क्रिकेटच्या मैदानावर पंचांवर असाच उसळतो का, हे आधी पाहावे. ‘नाही’ असे उत्तर आले, तर तपासाला जागा आहे असे समजावे.

आपल्या पत्रातील दोन तक्रारी, म्हणजे रागाने नोकरी सोडणे आणि पैसे उधळणे, एकाच शब्दाखाली आल्या असल्या तरी त्यांची यंत्रणा एकच असेल असे गृहीत धरू नये. मी त्या वेगळ्या घेते.

आधी राग. ओळख पटू नये इतपत तपशील बदलून एक उदाहरण देते. एका खासगी कार्यालयात हिशेबाचे काम करणारा तरुण माझ्याकडे आला, तेव्हा ‘मला राग आवरतच नाही’ एवढेच त्याचे म्हणणे होते. आम्ही त्याला चार रकान्यांची वही करायला सांगितली: केव्हा व कुठे, त्याआधी काय घडले, मी काय केले किंवा बोललो, आणि त्यानंतर लगेच काय झाले. पहिल्या आठवड्यातील नोंदी ‘साहेबांनी डिवचले, डोके फिरले, नंतर वाईट वाटले’ अशा होत्या. त्यांचा उपयोग होत नाही, कारण ‘डिवचले’ हा निष्कर्ष आहे, घटना नाही. कॅमेऱ्यात जे दिसले असते आणि ऐकू आले असते तेवढेच लिहायचे, असे ठरवल्यावर नोंद अशी आली: ‘गुरुवार, संध्याकाळी सहा दहा. बॅग भरत होतो. साहेब टेबलापाशी आले, म्हणाले जीएसटीचे पत्रक आजच पाहिजे. मी फाइल टेबलावर आपटली, म्हणालो, मी काय एकटाच आहे का इथे? साहेब काही न बोलता गेले. पत्रक दुसऱ्या मुलाने केले. मी साडेसहाला निघालो.’

या नोंदीतील शेवटची तीन वाक्ये सर्वांत महत्त्वाची आहेत. पुढच्या पानांवरही जवळजवळ प्रत्येक भडका निघायच्या वेळी आलेल्या जादा कामावर होता, आणि बहुतेक वेळा भडक्यानंतर ते काम टळले होते. नकोशी गोष्ट टळल्यामुळे वर्तन बळावते, याला आमच्या परिभाषेत ऋण प्रबलन म्हणतात. त्याचा अर्थ तो तरुण मुद्दाम सोंग करत होता असा मुळीच नाही. राग खराच होता, छातीत धडधडत होते, रात्री पश्चात्तापही होत होता. परंतु पश्चात्ताप रात्री दहाला येत होता आणि सुटका सहा वाजून बारा मिनिटांनी. वर्तनावर पकड बसते ती लगेच येणाऱ्या परिणामाची.

अशा वेळी ‘दहापर्यंत अंक मोजा’ असा सल्ला दिला तर तो चार दिवस टिकतो, कारण अंक मोजून काम टळत नाही. त्याऐवजी तोच हेतू साधणारे दुसरे, अधिक स्वीकारार्ह वर्तन शिकवावे लागते. एडवर्ड कार व मार्क डुरँड यांनी १९८५ मध्ये विकासात्मक अडचणी असलेल्या मुलांबाबत हे दाखवले. काम अवघड वाटले की आरडाओरडा करणाऱ्या मुलांना ‘मला समजत नाही, मदत हवी’ असे सांगायला शिकवले आणि तसे म्हटल्यावर खरोखर मदत मिळू लागली, तेव्हा आरडाओरडा कमी झाला. आमच्या हिशेबनिसाने दुपारी चारला स्वतःहून साहेबांकडे जाऊन ‘आज सहापर्यंत एवढे होईल, उरलेले उद्या अकरापर्यंत देतो’ असे म्हणण्याचा सराव केला, आधी माझ्यासमोर आणि मग कार्यालयात. हे वाक्य उपयोगी पडले, कारण त्याच्या साहेबांनी ते मानले. न मानणारा वरिष्ठ असता तर सराव कितीही चांगला झाला तरी ते वाक्य आठवडाभरात मावळले असते, आणि मग आम्हाला वेगळा विचार करावा लागला असता; त्यात नोकरी बदलण्याचा विचारही आला. दुसरी नोकरी पाहून मग पहिली सोडणे आणि तिरीमिरीत राजीनामा पाठवणे या वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आपल्या भावाच्या दोन्ही राजीनाम्यांच्या आधीच्या आठवड्यात काय चालले होते, हे त्याला शांतपणे विचारण्यासारखे आहे.

आता पैशाकडे. येथे वर्तनवादी संशोधन विशेष समृद्ध आहे, म्हणून थोडे आकडे सोसावे लागतील. हाती येण्यास उशीर असलेल्या बक्षिसाचे मोल आपल्या मनात घटते, हे सर्वांना ठाऊक आहे. ते कसे घटते, याचे सूत्र जेम्स मेझर यांनी १९८७ मध्ये मांडले: रकमेला ‘एक अधिक क गुणिले विलंब’ याने भागायचे. ‘क’ हा आकडा व्यक्तीगणिक बदलतो, आणि तो जितका मोठा तितकी घट तीव्र. समजा आपल्या भावाचा ‘क’ दर दिवसाला ०.०५ आहे. आज मिळणारे ५०० रुपये आणि तीस दिवसांनी मिळणारे १००० रुपये यांत त्याने निवड करायची. हजार रुपयांचे आजचे मोल १००० भागिले २.५, म्हणजे ४०० भरते, म्हणून तो ५०० उचलतो. आता दोन्ही रकमा साठ दिवस पुढे ढकला. ५०० चे मोल १२५ होते, हजाराचे सुमारे १८२, आणि तोच माणूस आता हजार निवडतो. त्याचा स्वभाव मधल्या काळात बदललेला नाही. मोह किती जवळ आहे, एवढेच बदलले. एक तारखेला ‘या महिन्यात काही घ्यायचे नाही’ असे मनापासून ठरवणारा आणि अकरा तारखेच्या रात्री बूट मागवणारा हा एकच माणूस असतो आणि तो दोन्ही वेळी खरे बोलत असतो. घरचे लोक त्याला खोटारडा म्हणतात, तेथे गल्लत होते.

हॉवर्ड रॅक्लिन व लेनर्ड ग्रीन यांनी १९७२ मध्ये हे कबुतरांवर दाखवले. लगेच दोन सेकंद दाणे, किंवा चार सेकंद थांबून चार सेकंद दाणे, अशी निवड समोर आली की कबुतरे पहिलाच पर्याय घेत. परंतु ही निवड समोर येण्याच्या काही सेकंद आधी त्यांना आणखी एक बटण दिले. ते दाबले की पुढे फक्त मोठा, उशिराचा पर्यायच उरे. हे अंतर सोळा सेकंदांपर्यंत वाढवल्यावर बहुतेक कबुतरे आपणहून मोहाची वाट बंद करू लागली. कबुतरांमध्ये एकाएकी मनोनिग्रह आला, असे कोणी म्हणणार नाही. मोह दूर असताना निर्णय घेण्याची सोय त्यांना मिळाली. मनुष्याबाबतही हेच खरे असल्याचा पुरावा आहे. फिलिपाइन्समधील एका बँकेत ठरलेली तारीख किंवा रक्कम येईपर्यंत पैसे काढता येणार नाहीत असे खाते देऊ केले गेले. नावा अश्रफ, डीन कार्लन व वेस्ली यिन यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या या अभ्यासात ज्यांना हे खाते सुचवले त्यांपैकी २८ टक्के लोकांनी ते स्वखुशीने उघडले, आणि ज्यांना ते सुचवले गेले त्या संपूर्ण गटाची बचत वर्षभरात तुलनेच्या गटापेक्षा सुमारे ८१ टक्क्यांनी अधिक वाढली. आपल्याकडच्या बायकांची भिशी हाच उद्योग पिढ्यान्‌पिढ्या करत आली आहे, आणि तिथे हप्ता चुकवला तर चारचौघींत नाव निघते, हा तिचा जास्तीचा फायदा.

आपल्या भावाला याचा व्यवहारात उपयोग असा. पगार जमा होण्याच्या दुसऱ्याच दिवशी ठरावीक रक्कम आवर्ती ठेवीत किंवा एसआयपीत आपोआप वळती व्हावी. रोजच्या खर्चाचे खाते वेगळे असावे आणि यूपीआय फक्त त्याच खात्याला जोडलेले असावे. खरेदीच्या ॲपमधून कार्डाचा साठवलेला तपशील काढून टाकावा, ‘सवलत संपायला दोन तास’ अशा सूचना बंद कराव्यात, ‘आत्ता घ्या, पैसे नंतर द्या’ ही सोय बंद करावी, आणि बँकेच्या ॲपमध्ये कार्डाच्या ऑनलाइन व्यवहारांची मर्यादा उतरवून ठेवावी. यांतली एकही गोष्ट रात्री अकराला, वस्तू समोर असताना होणार नाही; म्हणून ती रविवारी सकाळी, चहा पिताना करायची. आणि त्याने स्वतः करायची. आपण त्याचा फोन घेऊन परस्पर केलीत तर तो दुसऱ्या दिवशी सर्व पूर्ववत करील, शिवाय आपल्यावर चिडेल ते वेगळेच.

मुलांना थांबायला लावून ‘आता एक खाऊ की थोड्या वेळाने दोन’ असे विचारण्याचे स्टॅनफर्डमधील प्रयोग आपण ऐकले असतील. ते सहसा ‘ज्या मुलांमध्ये संयम असतो ती पुढे यशस्वी होतात’ असे सांगण्यासाठी वापरले जातात. टायलर वॉट्स व सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये मोठ्या गटावर तपासले, तेव्हा हा संबंध बराच क्षीण निघाला आणि घरची परिस्थिती हिशेबात घेतल्यावर आणखी घटला. मला या प्रयोगांतील दुसरीच गोष्ट मोलाची वाटते. मिशेल व एबे एबेसन यांच्या १९७० च्या प्रयोगात खाऊ डोळ्यांसमोर होता तेव्हा मुले सरासरी जेमतेम मिनिटभर थांबली, आणि तो दृष्टिआड असताना अकरा मिनिटांहून अधिक. त्याच वयाची, त्याच शाळेतली मुले. फरक होता खाऊ दिसण्याचा. पुढे सेलेस्ट किड व सहकाऱ्यांच्या २०१३ च्या प्रयोगात मुलांशी आधी एका मोठ्या माणसाने वागून दाखवले. ज्यांना चांगले रंग आणून देतो असे सांगून खरोखर आणून दिले, ती मुले नंतर सरासरी बारा मिनिटे थांबली. ज्यांना सांगून दिले नाही, ती तीन मिनिटे. शब्द न पाळणाऱ्या जगात हाती आलेले उचलून मोकळे होणे हा शहाणपणाच असतो. आपल्या घरात भावाला दिलेली आश्वासने कशी पाळली गेली हे मला ठाऊक नाही, आणि त्यावरून कोणाला दोषी धरण्यात अर्थ नाही. परंतु येथून पुढे त्याला काही कबूल कराल तर ते ठरल्या दिवशी द्यावे. त्याला थांबायला शिकवण्यातला तो आपला वाटा आहे.

थांबण्याची सवय पायरीपायरीने वाढवता येते. मेझर व अलेक्झांड्रा लोग यांनी १९७८ मध्ये कबुतरांना दोन्ही पर्यायांना सारखाच विलंब ठेवून सुरुवात केली आणि लहान पर्यायाचा विलंब हळूहळू कमी करत नेला, तेव्हा ती मोठ्या पर्यायासाठी अधिक वेळा थांबू लागली. माझ्याकडे येणाऱ्यांना मी वस्तू ॲपच्या यादीत टाकून आधी दहा मिनिटे, मग जेवणापर्यंत, मग दुसऱ्या सकाळपर्यंत थांबायला सांगते. पहिल्याच दिवशी तीस दिवसांचा नियम लावणाऱ्यांचा नियम पहिल्याच आठवड्यात मोडतो.

आता एक नाजूक गोष्ट. पैसे संपल्यावर आणि नोकरी सुटल्यावर पुढे काय होते, हे आपण लिहिलेले नाही. अनेक घरांत क्रेडिट कार्डाचे बिल आई गुपचूप भरते, आणि नोकरी सुटल्यावर दोन महिने ‘जाऊ दे, विश्रांती घे’ म्हटले जाते. हे प्रेमापोटी होते, पण त्यामुळे उशिरा येणारा त्रास त्याच्यापर्यंत पोहोचतच नाही. तरी मदत एकदम तोडा, असे मी सांगणार नाही. नेहमी मिळणारी गोष्ट अचानक थांबली की वर्तन आधी उफाळते, आवाज चढतो, क्वचित धमक्या येतात, आणि त्या क्षणी घरचे नमले तर अधिक मोठ्या आवाजाला फळ मिळते असा धडा बसतो. त्यापेक्षा मदतीच्या अटी शांत दिवशी, आधी सांगून आणि आई-वडिलांचे एकमत करून ठरवाव्यात. उदाहरणार्थ, निम्मे बिल घर भरील, पण उरलेले निम्मे त्याने भरल्याची पावती दाखवल्यावर. आई-वडिलांत एकमत नसेल तर हा भाग सुरूच करू नये.

हे सर्व कुठे अपुरे पडते, तेही सांगायला हवे. आवेगशीलतेत आनुवंशिकतेचा वाटा आहे, आणि मोल घटण्याचा प्रत्येकाचा वेग बराच स्थिर राहतो असे एमी ओडम यांच्यासारख्या वर्तन-संशोधकांनीही मांडले आहे. म्हणून आपला भाऊ उद्या एखाद्या काटकसरी माणसासारखा होईल, अशी अपेक्षा मी धरणार नाही. ‘लहानपणापासून’ हा आपला शब्द मला थांबवतो. वर्गात जागेवर न बसणे, वस्तू हरवणे, आपली वेळ येण्याआधीच बोलणे असे बारा वर्षांच्या आधीपासून होते का, हे आठवून पाहा. तसे असल्यास एडीएचडीची, म्हणजे लक्ष न टिकणे व अतिचंचलता या विकाराची, रीतसर तपासणी मनोविकारतज्ज्ञांकडून करून घ्यावी, कारण तिथे औषधांचा उपयोग होऊ शकतो. झोप कमी झाली तरी थकवा नाही, बोलणे वाढले आहे आणि त्याच काळात खर्चही, असे ठरावीक काळापुरते होत असेल, किंवा डोक्याला मार लागल्यानंतर अथवा दारू वाढल्यानंतर वागणे बदलले असेल, तर वही नंतर, आधी डॉक्टर. मारहाण किंवा जिवाचे बरेवाईट करण्याची भाषा आली तर क्षणाचाही उशीर करू नये. शासनाची टेली-मानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास उपलब्ध असते.

भावाने स्वतः मदत मागितलेली नाही, असे आपल्या लिहिण्यावरून वाटते. तसे असेल तर त्याची वही आपण लिहू नये. त्याचा वास हेरगिरीचा येतो आणि त्याला ते कळल्याशिवाय राहत नाही. चौथ्या रकान्यात, म्हणजे ‘नंतर काय झाले’ या ठिकाणी, जिथे जिथे आपण स्वतः येता तेवढ्याच नोंदी दोन आठवडे ठेवाव्यात: तो चिडला तेव्हा मी काय केले, त्याने पैसे मागितले तेव्हा मी काय म्हणाले, तो शांतपणे बोलला तेव्हा माझे लक्ष होते का. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर बहुतेक घरांत ‘नव्हते’ असे निघते.

तो तयार झाला तर तज्ज्ञ निवडताना भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असलेल्या चिकित्सा मानसशास्त्रज्ञांकडे जावे. आपल्याकडे विवेकनिष्ठ उपचारपद्धती, म्हणजे आरईबीटी, अधिक परिचित आहे, आणि विचारांपासून सुरुवात करणाऱ्या त्या पद्धतीशी माझे वैर नाही. पुष्कळदा दोन्ही एकत्र वापरल्या जातात. पद्धत कोणतीही असो, पहिल्या भेटीत त्याने विचारावे की आपण नेमके कोणते एक वर्तन आधी घेणार आहोत, ते कसे मोजणार आहोत, आणि सहा आठवड्यांनी फरक पडला नाही तर काय बदलणार आहोत. या तिन्हींची सरळ उत्तरे मिळाली नाहीत तर दुसऱ्या कोणाची वेळ घ्यावी.